परवाना न लागणारे कोठार

वाचकहो, हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक विनंती आहे. गुडघे साथ देत असतील तर उठा आणि आपल्याच घरातून एक फेरी मारून या. देत नसतील तर जागी बसूनच घर डोळ्यांपुढे आणा. स्वयंपाकघरात ओट्याखाली गॅसचे दोन सिलिंडर असतील, एक जोडलेला आणि एक राखीव. माळ्यावर रॉकेलचा जुना डबा असेल आणि त्याच्या शेजारी मागच्या रंगकामातून उरलेले थिनर. देवघरात कापराची डबी, तिळाच्या तेलाची बाटली, वातींचा पुडा आणि काडेपेटी. औषधांच्या कपाटात स्पिरिट, आणि करोनाच्या साथीत घाबरून आणलेल्या सॅनिटायझरच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये अजून निम्मे शिल्लक. न्हाणीघरात ब्लीचिंग पावडर. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटात कोंबलेली इन्व्हर्टरची बॅटरी. आणि घरात कुणाची फुप्फुसे थकलेली असतील, तर त्यांच्या पलंगाशी प्राणवायूचा सिलिंडर किंवा कॉन्सन्ट्रेटर.

हीच यादी एखाद्या गोदामाची असती, तर तपासणीस आलेल्या अग्निशमन अधिकाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारला असता की, हे सारे एका छपराखाली इतके जवळजवळ कुणी ठेवले? घराला हा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारण्याची पाळी घरातल्या वडीलधाऱ्यांवर आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांवर येते. त्यासाठीच हा लेख.

धोकादायक वस्तूंच्या साठ्याविषयीचे आपल्याकडचे कायदे जुने आणि बरेच बारकाईने लिहिलेले आहेत. पेट्रोलियम अधिनियम 1934 सालचा आहे. त्यात पेट्रोलसारखे चटकन पेटणारे द्रव ‘अ’ वर्गात आणि रॉकेलसारखे त्याहून सौम्य द्रव ‘ब’ वर्गात घातलेले आहेत. विक्रीसाठी नसलेले ‘अ’ वर्गाचे द्रव 30 लिटरपर्यंत विनापरवाना बाळगता येते. मात्र ते घट्ट बुचाच्या भांड्यात असावे, भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरहून मोठे नसावे, धातूचे असल्यास 25 लिटरहून मोठे नसावे, अशी अट आहे. शीतपेयाच्या रिकाम्या प्लास्टिक बाटलीत स्कूटरसाठी पेट्रोल भरून बाल्कनीत ठेवणाऱ्यांनी ही अट एकदा सावकाश वाचावी. गॅस सिलिंडर नियम, 2016 अन्वये घरगुती गॅसचा, म्हणजे एलपीजीचा, साठा 100 किलोपर्यंत परवान्याविना चालतो. आपल्या घरातले 14.2 किलोचे दोन सिलिंडर मिळून होतात 28.4 किलो. मुंबईत तर महानगरपालिकेच्या 1888 च्या अधिनियमातील कलम 394 असे आहे की, कोणत्या वस्तू किती प्रमाणाबाहेर परवान्याविना ठेवता येणार नाहीत, याची सूचीच त्याला जोडलेली आहे.

या सर्व मर्यादांच्या आपण कितीतरी आत असतो. म्हणूनच ‘परवाना लागत नाही’ या वाक्याचा अर्थ आपल्या मनात नकळत ‘धोका नाही’ असा होऊन बसतो. पण परवान्याची मर्यादा ही प्रशासनाने आपल्या कामासाठी आखलेली रेषा आहे. पलंगावरच्या माणसाला हाक मारल्यावर उठून दारापर्यंत जाता येते का, हे ती रेषा आखताना कुणी मोजलेले नसते. धडधाकट माणसांच्या घरात जो साठा किरकोळ ठरतो, तोच ऐंशी वर्षांच्या आणि काठीवाचून न चालू शकणाऱ्या गृहस्थाच्या घरात किरकोळ राहत नाही.

या नियमांतून पुन्हापुन्हा जे विचारलेले आढळते ते असे: वस्तू किती आहे, कशात आहे आणि कशाच्या शेजारी आहे. यांतला शेवटचा प्रश्न आपण घरी कधीच विचारत नाही, आणि मुंबईने त्याची किंमत एकदा फार मोठी मोजली आहे. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके होती, आणि त्याच जहाजात कापसाच्या हजारो गाठीही होत्या. युद्धकाळाची निकड नसती तर हे दोन्ही एकत्र भरले गेले नसते. कापूस पेटला, आग आटोक्यात येईना, आणि दुपारी चारनंतर लागोपाठ दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे गेली. त्यांत आग विझवण्यास गेलेले 66 अग्निशामक होते. 14 एप्रिल हा दिवस आपण अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतो तो त्यांच्या स्मरणार्थ. नव्वदीच्या घरातल्या काही मुंबईकर वाचकांच्या कानांत तो आवाज अजून असेल.

पेटणारी वस्तू आणि पेटण्यास साहाय्य करणारी वस्तू यांच्यात अंतर राखावे, हा रसायनांच्या कोठारांचा पहिला नियम. घरात मात्र प्राणवायूचा सिलिंडर आपण कापसाच्या गादीला टेकवून उभा करतो.

प्राणवायूविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण फुप्फुसाच्या जुनाट विकारांत घरीच प्राणवायू देण्याची सोय आता पुष्कळ कुटुंबांत दिसते. हा वायू स्वतः जळत नाही. दुसऱ्याला मात्र तो अतिशय वेगाने जळू देतो. आपल्या भोवतालच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे 21 टक्के असते, तर कॉन्सन्ट्रेटरमधून बाहेर पडणाऱ्या हवेत ते 90 टक्क्यांच्याही वर असते. नाकातल्या नळीतून येणारा सगळाच प्राणवायू छातीत जात नाही. त्यातला काही सांडतो आणि दाढीमिशांत, केसांत, लोकरी बंडीत, रजईच्या घड्यांत रेंगाळतो. जे कापड एरवी ठिणगी पडली तर नुसते करपले असते, ते अशा वेळी भडकून पेटते. रुग्ण शौचास जाताना यंत्र चालूच ठेवून नळी अंथरुणावर टाकून जातो, तेव्हा तो अजाणता आपल्या गादीत प्राणवायू भरत असतो.

आमच्याच घरी घडलेली गोष्ट सांगते. माझे सासरे, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत प्राणवायूवर होते. पुरवठादाराच्या माणसाने कॉन्सन्ट्रेटर पलंगाशी मांडून दिले आणि राखीव सिलिंडर स्वयंपाकघराच्या दारामागे, शेगडीपासून चार पावलांवर उभा केला. कारण विचारले तर म्हणाला, इथेच जागा आहे. आम्हीही मान डोलावली. अण्णांना धूम्रपानाचे व्यसन नव्हते, त्यामुळे ‘विडीकाडी जवळ नको’ ही डॉक्टरांची सूचना आपल्यासाठी नाही, असे आम्ही सर्वांनी धरून चाललो. पण अण्णांचा संध्याकाळचा दिवा कधी चुकत नसे. एके दिवशी त्यांनी नळी कपाळावर सरकवली, यंत्र चालूच ठेवले आणि आरतीसाठी कापूर पेटवण्यास ते देवघरापुढे वाकले. ज्योत एकाएकी हातभर उसळली. मिशीचे टोक आणि नळीचा पुढचा भाग होरपळला. माई शेजारीच होत्या, त्यांनी पदर न सावरता नळी ओढून काढली आणि यंत्राचे बटण बंद केले. एवढ्यावर निभावले. अण्णांना लागले नाही, पण त्या दिवसानंतर कितीतरी आठवडे ते नळी लावून घेण्यासच घाबरत. डॉक्टरांना त्या भीतीचीच अधिक काळजी वाटली, कारण त्यांना दिवसातले बरेच तास प्राणवायू हवाच होता.

तेव्हा हे आधी ध्यानात घ्यावे की, आगीच्या भयाने प्राणवायू कमी करायचा नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेला प्रवाह आणि तास तेच राहिले पाहिजेत. हलवायची असते ती आग. उघड्या ज्योतीपासून, मग ती शेगडी असो, समई असो, उदबत्ती असो वा डासांची कॉइल, रुग्ण आणि यंत्र किमान तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट दूर असावे. नळी काढताना यंत्र बंद करावे, नळी अंथरुणावर टाकू नये. प्राणवायू बंद केल्यावर निदान अर्धा तास मोकळ्या हवेत बसल्याखेरीज रुग्णाने दिव्याजवळ किंवा शेगडीजवळ जाऊ नये, कारण कपड्यांतला वायू लगेच निघून जात नाही. शक्यतो अंगावर सुती कपडे असावेत. घरात भेटीस आलेल्या पाहुण्याला, तो वयाने मानाने कितीही मोठा असला, तरी ‘इथे सिगारेट नको, खाली जाऊन ओढा’ असे सांगण्याचा संकोच करू नये. घरच्या प्राणवायूमुळे लागणाऱ्या आगींत धूम्रपान हेच सर्वांत मोठे कारण असते.

सिलिंडरचे पथ्य आणखी थोडे कडक आहे. त्याच्या पोटात वायू साधारण दीडशे पट दाबाने कोंबलेला असतो. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्या खांद्याचा तो नळकांड्यासारखा सिलिंडर आडवा पडून झडप तुटली, तर भिंत फोडून जाण्याइतका जोर त्यात असतो. म्हणून तो उभाच हवा आणि भिंतीला साखळीने किंवा पट्ट्याने बांधलेला अथवा स्टँडमध्ये बसवलेला हवा. झडपेला तेल, ग्रीस किंवा मलम अजिबात लागता कामा नये. गॅस सिलिंडर नियमांतही झडपांना तेल वा वंगण वापरण्यास मनाई आहे. दाबाखालचा प्राणवायू आणि तेल एकत्र आले की ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकतात. झडप घट्ट झाली म्हणून तिला खोबरेल तेलाचे बोट लावणे ही आपल्याकडची अगदी सहज प्रतिक्रिया आहे, आणि नेमकी तीच टाळायची आहे. मालिश करून आलेल्या हातांनीही झडपेला शिवू नये. आधी साबणाने हात धुवावेत. आणि झडप उघडायची ती सावकाश.

तेलाचा विषय निघालाच आहे तर मलमांचेही सांगून टाकते. कोरड्या, खाजणाऱ्या त्वचेसाठी वृद्धांना दिवसातून दोनतीनदा मलम चोळण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण तेच मलम सदरा, उशीचा अभ्रा आणि चादर यांत मुरत जाते. ब्रिटनच्या औषध नियंत्रक संस्थेने 2018 साली याविषयी व्यापक इशारा दिला, आणि तो केवळ पॅराफिनच्या मलमांपुरता नव्हता. त्वचा मऊ ठेवणाऱ्या सर्वच लेपांना लागू होता. कापडात वाळलेले मलम आग फार जलद पसरवते. नेहमीच्या धुण्याने त्याचा अंश पुरता जात नाही, हेही त्या इशाऱ्यात होते. म्हणून मलम लावणे थांबवू नका. अंथरुण वरचेवर बदला, गरम पाण्यात धुवा, आणि अशा माणसाला ज्योतीजवळ एकटे सोडू नका. नळीमुळे नाकाच्या आत कोरडे पडत असेल तर व्हॅसलिनसारखा तेलकट पदार्थ न लावता, पाण्यात विरघळणारा लेप डॉक्टरांना विचारून घ्यावा.

आता स्वयंपाकघराकडे वळू. एलपीजी मुळात गंधहीन असतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. म्हणजे ही सारी व्यवस्था आपल्या नाकाच्या भरवशावर उभी आहे. आणि वय वाढते तसे नाक मंदावते. चष्म्याचा नंबर वाढला की आपण डॉक्टरांकडे जातो. वास कमी येऊ लागला, हे मात्र वर्षानुवर्षे लक्षातही येत नाही. घरात एकटे राहणाऱ्या ज्येष्ठांनी याची एक सोपी परीक्षा करावी: हिंगाची डबी उघडून डोळे मिटून हुंगावी. वास स्पष्ट येत नसेल, तर गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवून घेणे हा चैनीचा खर्च नव्हे. ते कुठे बसवायचे यातही मेख आहे. एलपीजी हवेहून जड, तो फरशीवर पसरतो, म्हणून यंत्र खाली, जमिनीलगत हवे. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका, तो छताकडे जातो, म्हणून यंत्र वर हवे. पाइपचा गॅस आल्यावर जुने यंत्र खालीच राहिलेली घरे मी पाहिली आहेत.

सिलिंडर उभा असावा, शेगडी त्याच्याहून उंचीवर असावी, आणि ओट्याखालच्या कपाटाला वरखाली जाळी असावी. झोपताना रेग्युलेटरची कळ बंद करण्याची सवय आपल्या आधीच्या पिढीत होती, ती का सुटली कोण जाणे. रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. नवा सिलिंडर आला की त्याच्या मानेजवळच्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूस पाहावे. तिथे ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर, आणि आकडे म्हणजे वर्ष. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची चाचणी व्हायला हवी असते. मुदत उलटलेली दिसली तर तो स्वीकारू नये. अक्षरे बारीक असतात. नातवंडाला वाचायला सांगावीत. वास आलाच तर विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये, रेग्युलेटर बंद करून खिडक्यादारे उघडावीत, आणि बाहेर येऊन एलपीजीसाठीच्या 1906 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. घरातून नव्हे, बाहेर आल्यावर.

माळ्यावरच्या रॉकेलविषयी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. द्रव किती धोकादायक, हे कायदा ठरवतो ते त्याची वाफ कोणत्या तापमानाला ठिणगीने पेट घेऊ शकते यावरून. रॉकेलसाठी भारतीय मानकाने हे तापमान किमान 35 अंश ठेवले आहे. आता नागपूर, चंद्रपूर, अकोल्याचा मे महिना आठवा: बाहेर पारा 45 अंशांवर आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहूनही अधिक. म्हणजे जानेवारीत जो डबा निरुपद्रवी होता, तो मेमध्ये कागदावर ‘ब’ वर्गाचा असूनही वागण्यात ‘अ’ वर्गाच्या फार जवळ गेलेला असतो. सॅनिटायझरचे याहून वाईट. 70 टक्के अल्कोहोल असलेले द्रव साधारण 17 अंशांवरच पेटू शकणारी वाफ सोडते. आपल्याकडे थंडीच्या थोड्या रात्री सोडल्या तर वर्षभर तापमान त्याच्या वरच असते. शिवाय अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते, उजेडात ती दिसतही नाही. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तर नाहीच. हाताला सॅनिटायझर लावून लगेच निरांजन पेटवणे म्हणूनच टाळावे, हात पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. पाच लिटरचा कॅन घरात हवाच कशाला? एक बाटली वापरात असली की पुरे. रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन लागत नसेल तर ते मोरीत न ओतता रंगाऱ्याला किंवा ज्याला उपयोग आहे त्याला देऊन टाकावे. ठेवायचेच असेल तर थोडे, मूळ डब्यात, घट्ट झाकणाने, नाव लिहून आणि सावलीत.

ब्लीचिंग पावडर या सर्वांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवावी. तीही प्राणवायूप्रमाणे जळण्यास साहाय्य करणारी आहे, तेलातुपाशी तिची गाठ पडू नये. संडास धुण्याच्या ॲसिडशी तर मुळीच नको. दोन्ही एकत्र झाल्यास क्लोरीन वायू निघतो. निरोगी माणूस खोकत बाहेर पळेल. दम्याच्या रुग्णाची मात्र तेवढ्यानेच रुग्णालयात रवानगी होईल.

वीज गेली तर कॉन्सन्ट्रेटर बंद पडू नये म्हणून आता पुष्कळ घरांत इन्व्हर्टर घेतात. ते योग्यच. मात्र ॲसिडच्या बॅटरीतून भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, तो अतिशय ज्वालाग्राही असतो. म्हणून बॅटरी बंद कपाटात ठेवू नये, देव्हाऱ्याखाली तर नकोच. खेळती हवा असलेला कोपरा तिच्यासाठी निवडावा. नातवाची विजेवरची स्कूटर रात्रभर जिन्यात किंवा घराच्या एकमेव दाराशी चार्जिंगला लावण्यासही मनाई करावी. आजोबांचे कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या बाबतीत थोडे रागावून पाहावे.

जिन्याचा उल्लेख आला म्हणून सोसायटीकडेही वळते. आपल्याकडे सोसायटीचे सचिवपद बहुधा एखाद्या निवृत्त गृहस्थाकडेच असते, तेव्हा हा मजकूर थेट त्यांच्यासाठीच समजावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत राखण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. ती सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलै अशा दोन महिन्यांत नमुना ‘ब’ मध्ये सादर करावयाचे असते. सर्वसाधारण सभेत पार्किंगवरून दोन तास वाद होतात. त्यांतली दोन मिनिटे ‘जुलैचा नमुना ब दिला का?’ या प्रश्नासाठी कुणीतरी राखून ठेवावीत. जिन्याखाली, मीटरच्या खोलीत, गच्चीच्या दाराशी रंगाचे डबे, जुन्या गाद्या, रद्दी साठली असेल तर ती काढून टाकावी. लिफ्ट बंद पडल्यावर चौथ्या मजल्यावरच्या आजींना त्याच जिन्याने उतरवायचे असते.

2021 च्या जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके आगीत गेली, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारच्या एका रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागली. त्यानंतर रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीविषयी पुष्कळ बोलले गेले, ते आवश्यकच होते. पण रुग्णालयातून घरी आणलेला रुग्ण, त्याचे यंत्र आणि त्याची नळी यांची नोंद कुठेच होत नाही. सोसायटीने ती स्वतःच ठेवावी: कोणत्या सदनिकेत प्राणवायू आहे, कोणत्या खोलीत, कोण अंथरुणाला खिळलेले आहे. ही चिठ्ठी रखवालदाराकडे आणि सचिवांकडे असावी. अग्निशमन दलाची गाडी आली की पहिल्या मिनिटाला त्यांना हेच हवे असते.

आग लागलीच, तर कुटुंबाने आधी ठरवून ठेवलेले असावे की रुग्णाला बाहेर कोण आणि कसे काढणार. उचलणे जमत नसेल तर अंथरुणावरच्या मजबूत चादरीसकट त्यांना खाली घेऊन, डोक्याकडची दोन टोके धरून फरशीवरून ओढत न्यावे. सत्तर किलोचा माणूसही घरातली एक बाई अशा रीतीने दारापर्यंत नेऊ शकते. हे एकदा दिवसाउजेडी, धाकट्या कुणाला झोपवून, करून पाहावे. हसू येईल, येऊ द्यावे. जाताना हाताशी असेल तर प्राणवायू बंद करावा, त्यासाठी आगीतून मागे फिरू नये. दार ओढून घ्यावे आणि 101 किंवा 112 क्रमांकावर कळवावे. अग्निशामक नळकांडे घेताना ते उचलून पाहावे; सहा किलोचे नळकांडे पंच्याहत्तरीच्या हातांना उचलवत नाही, दोन किलोचे बरे. त्याचा काटा हिरव्या पट्टीत आहे ना, हे महिन्याकाठी पाहावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नये. शेगडी बंद करून झाकण ठेवावे आणि कढई हलवू नये.

आमच्या घरी त्या प्रसंगानंतर देवघर हलवले नाही, माईंनी ते ऐकलेच नसते. राखीव सिलिंडर मात्र त्याच दिवशी हलवला, आणि अण्णांचा पलंग आतल्या खोलीत नेला. संध्याकाळी दिवा माझा मुलगा लावी आणि अण्णा आतून, नळी जागच्या जागी ठेवून, स्तोत्र म्हणत. धाप लागली की मधेच थांबत, आणि बाहेर आम्ही तेवढा वेळ थांबत असू.

ते गेल्यानंतर यंत्र लगेच परत गेले, पण सिलिंडर दारामागेच राहिला. वर्षभराने झाडताना लक्षात आले की त्याच्या काट्यावर अजून थोडा दाब दाखवत होता. रिकामा म्हणून बाजूला ठेवलेला सिलिंडरही बहुधा पुरता रिकामा नसतो. झडप बंद करून, टोपी बसवून तो त्याच आठवड्यात पुरवठादाराला परत करावा. 2021 च्या साथीत आणलेला असा एखादा सिलिंडर आपल्याकडेही कुठल्या दारामागे, कपड्यांच्या ढिगाआड उभा असू शकेल. आज एकदा ते दार ओढून पाहा.